हात मांडीखाली

पडद्यावर मालनमावशीचा उजवा हात हवेतच थांबला होता. बोटं अर्धवट मिटलेली, डोळे बंद, तोंड किंचित उघडं. समोर आई खुर्चीत ताठ बसून चित्र सुटायची वाट बघत होती. रविवारचे अकरा वाजून गेले होते आणि मी कणकेनं बरबटलेल्या हातांनी दारात येऊन उभी राहिले.

"परत अडकलं?" मी विचारलं.

"सुटेल," आई म्हणाली.

म्हणाली म्हणजे हातांनी. आईला जन्मापासून ऐकू येत नाही, मालनमावशीलाही येत नव्हतं. त्यांचं बोलणं मी इथं तुमच्या-माझ्या मराठीत लिहिते आहे, पण ते सगळं हातांनी, भुवयांनी आणि खांद्यांनी झालेलं बोलणं आहे. माझ्या बोटांना कणीक चिकटली होती, त्यामुळे माझं बोलणं त्या दिवशी जरा बोबडंच होतं.

चित्र सुटलं. मावशीच्या मागचा टेबलफॅन पुन्हा मान फिरवायला लागला आणि मावशी काहीतरी सांगू लागली. तिचे हात तुटक तुटक, धक्के खात वरखाली होत होते. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. शेवटी तिनं दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून जाळं केलं आणि ओढून तोडलं. नेट खराब. ही खूण त्या दोघींनीच बनवली होती. आईनं मान डोलावली आणि कॉल संपला.

"पुढच्या रविवारपर्यंत मी हे नीट करून दाखवते," मी म्हणाले.

"असू दे. चाललंय."

"काय चाललंय? पंधरा मिनिटांत तुम्ही चार वाक्यं बोललात."

"चार पुरतात."

तिला पुरत असतील, मला पुरत नव्हती. या गोष्टीला आता आठ वर्षं झाली, म्हणून कबूल करायला हरकत नाही: मला दुसऱ्याचं नीट करून द्यायची भारी हौस. पाच वर्षांची असल्यापासून आमच्या घराचे कान आणि तोंड मीच होते. रेशनच्या दुकानात मी बोलायची, बँकेत मी बोलायची, डॉक्टर आईला काय म्हणाले ते मी सांगायची आणि त्यातलं काय सांगायचं नाही तेही मीच ठरवायची. माझे वडील आमच्या मिरजेत सतारींना पॉलिश करायचे. त्यांनाही ऐकू येत नव्हतं. ते गेले तेव्हा समाचाराला आलेल्या माणसांशी काय बोलायचं तेसुद्धा मीच ठरवलं. लोकांच्या वतीनं बोलायची सवय लागली की त्यांच्या वतीनं ठरवायचीही लागते.

वडील गेल्यावर गावात आईशी तिच्या भाषेत बोलणारं माणूस मी एकटीच उरले. आणि मी तर दिवसभर लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करत बसायची. आईचं खरं बोलणं आठवड्यातून एकदा, रविवारी अकराला, बार्शीच्या मालनमावशीशी.

दोघी सहा-सहा वर्षांच्या असताना मूकबधिर मुलांच्या एका शाळेत एकाच दिवशी आल्या होत्या. तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं. त्या काळी तिथं हातांनी बोलायला बंदी होती. मुलांनी ओठ वाचावेत, तोंडानं बोलावं, चारचौघांसारखं दिसावं असा नियम होता. वर्गात कुणाचं बोट हललेलं दिसलं की बाई ओठ मोठे करून म्हणायच्या, "हात मांडीखाली." मग तासभर आपल्याच हातांवर बसायचं. आई सांगते, मुंग्या येऊन हात दुसऱ्याचे असल्यासारखे व्हायचे. संध्याकाळी वसतिगृहाच्या न्हाणीघरामागं जाऊन दोघी दिवसभराचं तुंबलेलं बोलून घ्यायच्या. खरी भाषा त्या तिथं शिकल्या.

एकमेकींची नावंही तिथलीच. या लोकांत नाव उच्चारायचं नसतं, दाखवायचं असतं. आणि ते स्वतःचं स्वतः ठेवता येत नाही, दुसऱ्यानं द्यावं लागतं. आईच्या डाव्या गालाला खळी पडते. मालनमावशीनं तर्जनी गालात टेकवून किंचित फिरवली, ते आईचं नाव झालं. मावशीच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते, म्हणून हनुवटीवर तीनदा बोट टेकवलं की मालन. माझ्या बारशाला आत्यानं माझ्या कानात 'सुहासिनी' असं नाव सांगितलं, ते माझ्या आईवडिलांपर्यंत पोचलंच नाही. मागं कुणीतरी थाळी वाजवली आणि मी दचकून रडले. मग मालनमावशीनं पाळण्यात वाकून माझ्या कानाची पाळी चिमटीत धरली. ऐकणारी. आमच्या घरात माझं नाव तेच.

लग्न होऊन मावशी बार्शीला गेली आणि तीस वर्षं दोघींनी पत्रांवर काढली. मग मी एक जुना कॉम्प्युटर आणला, त्याला कॅमेरा लावला. फोनच्या वीतभर पडद्यात दोन्ही हात मावत नाहीत, आणि हात कापले गेले की बोलणंच कापलं जातं. मोठ्या पडद्यावर पहिल्या रविवारी दोघी अडीच तास बोलल्या. त्या दिवशी वरण करपलं, दूध उतू गेलं आणि आईनं दोन्हीकडे ढुंकून पाहिलं नाही. पण गेल्या वर्षभरात हे बोलणं आटत चाललं होतं. तासावरून अर्ध्या तासावर आणि आता पंधरा मिनिटांवर. दर वेळी तीच खूण, जाळं तुटल्याची.

आमचं नेट खरोखर वाईट होतं. राउटर पुढच्या खोलीत, कॉम्प्युटर मधल्या खोलीत, आणि दोन्हीच्या मध्ये दीड फुटाची दगडी भिंत. मी सोमवारी लॅबमधून सुटल्यावर इरफानभाईंच्या दुकानात गेले.

"भिंतीला काय करणार, ताई?" ते म्हणाले. "घर पाडता येतंय व्हय? तुमचा वायफाय पकडणारा तुकडा डब्याच्या मागल्या अंगाला हाय, भिंतीकडं तोंड करून बसलेला. त्याला काय घावणार? ह्ये घ्या."

त्यांनी माझ्या तळहातावर बोटाच्या पेराएवढी काळी वस्तू ठेवली. पेनड्राइव्हसारखी दिसणारी, पण त्याहून आखूड.

"एवढंसं?"

"एवढंसंच. पुढच्या खाचेत लावा. जुनं कार्ड बंद करून टाका, नाहीतर दोघं भांडत बसत्यात. चित्र कसं येतंय बघा मग. माणूस समोर बसल्यागत."

घरी येऊन मी पदर खोचला. सोबत आलेली सीडी आमच्या कॉम्प्युटरनं घेतली नाही, म्हणून लागणारं सॉफ्टवेअर फोनवर उतरवून वायरनं आत घातलं. जुनं कार्ड बंद केलं. तो काळा तुकडा पुढच्या खाचेत बसवला आणि त्याच्या टोकाला निळा ठिपका लुकलुकायला लागला. पडद्याच्या कोपऱ्यात नेहमी सिग्नलची एकच रेघ असायची, तिथं सगळ्या रेघा भरल्या. मला जे काही वाटलं त्याला अभिमान हा एकच शब्द आहे.

आई दाराच्या चौकटीला टेकून बघत होती.

"काढून ठेव," ती म्हणाली.

"का?"

"आहे ते बरं होतं."

"आई, तुला यातलं कळत नाही."

हे वाक्य मी हातांनी म्हटलं होतं, तरी ते अजून माझ्या कानात आहे. आईनं निळ्या ठिपक्याकडं एकदा पाहिलं आणि ती भाजी निवडायला गेली.

रविवारी अकराला मी मुद्दाम आईच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. कॉल लागला आणि बार्शीची ती खोली आमच्या मधल्या खोलीत उतरली. भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचता येत होती. टेबलफॅनच्या जाळीवरची धूळ दिसत होती. मावशीनं हिरवी सुती साडी नेसली होती आणि तिच्या हनुवटीवरचे तिन्ही ठिपके वेगवेगळे मोजता येत होते.

मी आईला बाजूला सारून कॅमेऱ्यासमोर वाकले.

"मावशी, बघ! नवीन यंत्र लावलंय. आता काही अडकणार नाही. तुझ्या बांगडीवरची नक्षीसुद्धा दिसते."

टेबलाखाली आईचा पाय माझ्या पायावर पडला. चुकून पडला असेल असं समजून मी पाय मागं घेतला.

मावशीनं हात उचलला होता. नेहमीसारखं आधी आईचं नाव घ्यायला. तर्जनी गालाकडं निघाली, वाटेत थरथरायला लागली, गालाशी पोचली नाही. डोळ्याच्या कोपऱ्याला लागली. तिनं ती मागं घेऊन पुन्हा आणली, तर या खेपेला कानापाशी गेली. डाव्या हातानं उजवं मनगट धरायला गेली, तर तोही हात तसाच कापत होता. चित्र मात्र एकदाही अडकलं नाही. मागचा पंखा संथपणे डावीकडून उजवीकडं गेला आणि उजवीकडून डावीकडं आला. बांगडीवरची नक्षी दिसते असं मी म्हटलं होतं. आता ती दिसत नव्हती, कारण बांगडी क्षणभरही स्थिर राहत नव्हती.

मावशीनं माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं. मग तिचे हात खाली गेले. कोपरं सरळ झाली, खांदे आत ओढले गेले आणि ती शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसली. हात मांडीखाली.

माझ्या शेजारी आईचा श्वास अडकला. मला ऐकू आला.

मग मावशी तोंडानं बोलली. मी जन्मात कधी तिचा आवाज ऐकला नव्हता. जाडसर, चढउतार नसलेला, कुठलं अक्षर किती दाबायचं ते माहीत नसलेला आवाज. शाळेत तिला मारूनमुटकून शिकवलेला.

"का-म आ-हे," ती म्हणाली. "न-न्त-र."

आईनं ते ओठांवरून वाचलं. आई काहीतरी म्हणणार तेवढ्यात पडद्यात एका बाजूनं दुसऱ्या कुणाचा तरी हात आला, हिरव्या बांगड्यांचा, तरुण. कॉल बंद झाला.

पुढच्या रविवारी मावशी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आई अकराला खुर्चीत बसायची, साडेअकराला उठायची. तिसऱ्या रविवारी मी म्हटलं की आपणच कॉल लावूया, तर ती म्हणाली, "तिला काम असेल." चौथ्या रविवारी तिनं सकाळीच केस विंचरले, चांगली साडी नेसली, बसली आणि उठून ती साडी पुन्हा घडी करून ठेवली. त्या महिन्यात आईचे हात किती गप्प होते ते मी कसं सांगू? तुमच्या घरातलं बोलकं माणूस अचानक मुकं झालं तर कसं वाटेल, तसं होतं ते.

मी गच्चीवर जाऊन मावशीच्या सुनेला, शुभांगी वहिनींना फोन लावला. गच्चीवर जायची काही गरज नव्हती, आईला ऐकू येणार नव्हतं. पण ती माझा चेहरा वाचते.

"ताई, तुम्हाला म्हणून सांगते," वहिनी म्हणाल्या. "दोन वर्षं झाली की. कंपवात म्हणत्यात डॉक्टर. गोळ्या चालू हायत, पण उतार न्हाई त्याला. ताट-वाटी हातात धरता येईना."

"आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

"त्यांनीच शपथ घातली हुती. तुमच्या आईंना तर अजिबात सांगायचं न्हाई म्हनल्या. बाकी कुणाशी त्या काय बोलतात, ताई? घरात आमाला दहा-बारा खुणा येत्यात. जेव, झोप, गोळी घे. त्यांचं बोलणं असं तुमच्या आईंबरूबरच. ते बी गेलं तर..." त्या थांबल्या. "नेट खराब हाय म्हणून सांगायच्या. आमचं नेट चांगलं हाय ओ. गेल्या साली नवीनच घेतलंय."

मी गच्चीच्या कठड्यावर बसले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, तशातली गत. पण नुसतं चुकीच्या जागी पाणी मारलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मावशी ज्या पडद्याआड उभी राहून बोलत होती, तो पडदा मी माझ्या हातानं ओढून काढला होता, आणि वर तिला सांगितलं होतं की आता सगळं दिसतं.

"आता काय म्हणतेय मावशी?" मी विचारलं.

"काय न्हाई. रविवारी अकराला त्या मशीनकडं पाठ करून बसत्यात."

खाली आले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले. कसं सांगायचं याची जुळवाजुळव मी जिन्यावर केली होती, डॉक्टरांचं सांगताना करायची तशीच. काय आधी, काय नंतर, काय गाळायचं.

"मालनमावशी आजारी आहे," मी म्हणाले. "तिचे हात..."

"माहीत आहे," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"मागच्या दिवाळीपासून."

"तिनं सांगितलं?"

"नाही. पंखा." आईनं तांदळाचं ताट बाजूला ठेवलं, कारण तिला दोन्ही हात लागणार होते. "नेट थांबलं की सगळं थांबतं. मालन थांबते, पंखा पण थांबतो. मग पंखा फिरायला लागला. छान फिरत होता. तरी हात धक्के खात होते. नेट पंख्याला सोडून फक्त हातांना कसं लागेल?"

मी तो पंखा वर्षभर बघितला होता. मला त्यात पंखा दिसला होता.

"मग तू बोलली का नाहीस?" मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. "तिला नाही तर नाही, मला तरी सांगायचंस. मी ते लावलंच नसतं. मी तुला विचारत होते, तू नुसतं असू दे, असू दे."

"मालननं मला सांगितलं नव्हतं," आई म्हणाली. "तिनं सांगितलं नाही, ते मी तुला कसं सांगू?"

मी रडायला लागले. आईनं मला जवळ घेतलं नाही, कारण जवळ घेतलं की बोलता येत नाही. तिनं मला रडू दिलं आणि माझी नजर वर येईपर्यंत थांबली.

"तिला वाटतं, हात बिघडले म्हणजे आता मी तिला सोडीन. शाळेत एक मुलगी होती, तिची बोटं भाजली. तिच्याशी मग कुणी बोलायचं नाही, समजत नाही म्हणून. आम्ही पण नाही बोललो. मालनला ते आठवतं. मला पण आठवतं."

"आपण बार्शीला जाऊ," मी म्हणाले. "उद्याच जाऊ. तू तिला भेट, तिला सांग."

"बोलावलं तर जाऊ."

मग ती उठली, मधल्या खोलीत गेली. मी तिच्या मागं गेले. ती कॉम्प्युटरसमोर वाकली आणि तिनं तो काळा तुकडा दोन बोटांत धरून ओढून काढला. निळा ठिपका विझला. शिवणाच्या बटणांचा पत्र्याचा डबा कपाटात होता, त्यात तिनं तो टाकला.

"जुनं सुरू कर," ती म्हणाली.

मी सुरू केलं. कोपऱ्यातल्या रेघा गेल्या, एक उरली.

मग तिनं माझा फोन घेऊन मावशीला स्वतः मजकूर लिहिला. आईचं लिहिणं तुटक आहे. मी एरवी ते दुरुस्त करून मगच पाठवायची. त्या दिवशी हात लावला नाही. तिनं लिहिलं होतं: "नेट परत खराब झाला. मुलगी आणली वस्तू वाईट. काही दिसत नाही. तू रविवार ये."

रविवारी अकरा वाजले. सव्वाअकरा वाजले. आई खुर्चीत होती आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, कॅमेऱ्यात येणार नाही अशी. अकरा वीसला कॉल आला.

चित्र आलं ते धुरकट, चौकोन-चौकोन झालेलं. मावशी लगेच काही बोलली नाही. हात खालीच होते. ती पुढं वाकून पडद्यात निरखून बघत होती. तिकडं आई कशी दिसत होती ते मला माहीत आहे, आमच्या नेटनं ती तिकडंही तशीच तुटक जाणार.

"मी दिसते?" मावशीनं विचारलं. एकच हात, तोही पटकन वर येऊन खाली गेलेला.

"अर्धी," आई म्हणाली. मग तिनं कानाची पाळी चिमटीत धरली, म्हणजे माझं नाव घेतलं, आणि तळहात उलटे करून झटकले. "बिनकामाची. काय तरी कचरा उचलून आणला. चार दिवसांत बंद."

पडदा थांबला. सुटला तेव्हा मावशी हसत होती.

"ऐकणारी माणसं," मावशी म्हणाली. "त्यांना वाटतं सगळं दुकानात मिळतं."

निदान मला तसं वाटलं. तिचे हात धक्के खात होते, चित्रही धक्के खात होतं, आणि कुठला धक्का कुणाचा हे विचारायचं कुणाला कारण नव्हतं. एखादं वाक्य दोनदा, तीनदा सांगावं लागायचं. आई दर वेळी जाळं तोडून दाखवायची, नेट, नेट, परत सांग, आणि मावशी परत सांगायची. त्या दिवशी दोघी पाऊण तास बोलल्या. मी पोळ्या करपवल्या आणि मला कुणी काही म्हटलं नाही.

पुढं एक वर्ष आणि आठ महिने त्यांचं हे असं चाललं. मावशीला आई खोटं बोलते आहे हे कळलं होतं का? मला वाटतं, त्याच दिवशी कळलं होतं. पण तिनं विचारलं नाही, आईनं सांगितलं नाही. हळूहळू मावशीचे हात इतके गेले की तिच्या बोलण्याला आकारच उरला नाही. मग आईच बोलायची. शाळेतल्या, न्हाणीघरामागच्या गोष्टी, मावशीला पाठ असलेल्याच. मावशी बघत राहायची. शेवटी शेवटी ती फक्त एक गोष्ट करायची. हात गालाकडं न्यायची. तो कधी कपाळाला लागायचा, कधी मानेला. कुठंही लागला तरी आई ओ दिल्यासारखी मान हलवायची.

मावशीनं आम्हाला कधी बोलावलं नाही. शुभांगी वहिनींनी बोलावलं ते एका बुधवारी पहाटे फोन करून.

आम्ही बार्शीला पोचलो तोवर सगळी तयारी झाली होती. पुढच्या खोलीत मावशीला निजवलं होतं, गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढली होती, हात आत होते. कोपऱ्यात तो टेबलफॅन बंद उभा होता. आई जाऊन शेजारी बसली. तिनं चादरीत हात घातला आणि मावशीचा उजवा हात बाहेर काढला, मग डावा. दोन्ही चादरीवर, छातीपाशी, सगळ्यांना दिसतील असे ठेवले. ते आता अगदी स्थिर होते.

"अहो बाई, आत असू द्या ते," मागून कुणीतरी म्हातारी म्हणाली. "आतच ठेवत्यात."

आईला ते ऐकू आलं नाही. खोलीतल्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या, मी तिला सांगेन म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या आईच्या आणि लोकांच्या मध्ये पडले नाही. मी माझे हात बांधून उभी राहिले.

त्यानंतरच्या रविवारी मी सकाळी उशिरा उठले. आई अंघोळ करून, केस विंचरून मधल्या खोलीत बसली होती. मांडीवर बटणांचा डबा होता. मला बघून तिनं तो उघडला, बटणं बाजूला सारून तळातून तो काळा तुकडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"लाव," ती म्हणाली.

"आता?"

"आता चालेल."

मी तो पुढच्या खाचेत बसवला, जुनं कार्ड बंद केलं. निळा ठिपका लुकलुकला, कोपऱ्यातल्या सगळ्या रेघा भरल्या. अकरा वाजले होते. पडद्यावर मालनमावशीचं नाव होतं आणि नावाशेजारचा ठिपका राखाडी होता. आईनं त्याच्याकडं बघत हनुवटीवर तीनदा बोट टेकवलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि साडेअकरापर्यंत ती तशीच बसून राहिली.